कंस काढल्यावर

कळवा,
गुरुवार, १२ जून २०२५

ती. हेमावहिनीस,

शालनचा नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. हवा पालटली की ह्यांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा हे जास्त कुरकुरतात, पण ते तुला नवीन नाही. दादाने पाठवलेलं आगळ पोचलं. अर्धी बाटली पिशवीतच सांडली होती, उरलेल्या अर्धीवर चार दिवस सोलकढी झाली.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, हिचा फोन बिघडला की काय. फोन चालू आहे. पण तू फोनवर येतेस, ‘बरी आहे गं’ एवढं म्हणतेस आणि दादाच्या हातात देऊन टाकतेस. मग दादा आणि मी डोंबिवलीतलं पाणी कधी येतं आणि कळव्यातलं कधी जातं यावर बोलत बसतो. शिवाय मला जे विचारायचंय ते फोनवर विचारण्यासारखं नाही. त्यात चिन्हं आहेत.

हसू नकोस. मी बीजगणित शिकायला घेतलंय.

झालंय असं, की प्रेसमध्ये सातवी-आठवीचं एक गाइड टाइप करायला आलंय. शिवरामभाऊ म्हणाले, “शालनताई, तुम्हीच घ्या, तुमच्या चुका कमी असतात.” मालक गोड बोलला की काम अवघड असतं, हे मला तीस वर्षांत कळलेलं आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, तेराव्याची कार्डं मी डोळे मिटून जुळवीन. पण या गाइडच्या पहिल्याच पानावर माझं गाडं अडलं. मला साधी आडवी रेघ कळत नाही गं. ‘ठाणे-कळवा’ लिहिताना मी जी रेघ टाकते ती दोन गावं जोडते. ‘७ − ३’ मध्ये तीच रेघ तीन काढून घेते. आणि ‘−३’ मध्ये तर ती एकटीच तीनाच्या पुढे उभी, कशातून काय काढायचं याचा पत्ता नाही. एकाच रेघेची ही तीन कामं मुलांना कळतात तरी कशी?

मला दहावीला गणितात एकोणतीस होते, ते तू विसरली नसशील. दीडशेपैकी एकोणतीस. तू नुकतीच लग्न होऊन आली होतीस आणि हातावरची मेंदी उतरायच्या आत बाबांनी तुला माझ्यासमोर बसवलं. तू म्हणायचीस, “सोपं आहे गं शालन.” ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत सुटले, पण ते ‘सोपं आहे’ अजून कानात आहे.

जानेवारीच्या त्या प्रकाराबद्दल मी या पत्रात काहीही लिहिणार नाही. तुमच्या गणित मंडळाच्या स्पर्धेचा पेपर, अकरावा प्रश्न, पालकांचा आरडाओरडा, मंडळाच्या सभेत तू उभी राहून “चूक माझी आहे” म्हणालीस ते, आणि निवृत्तीला वर्ष बाकी असताना शाळेत राजीनामा दिलास ते. यातलं काही काढायचं नाही असं मी ठरवूनच लिहायला बसलेय. एका प्रश्नावरून कोणी कोणाची एकतीस वर्षं मोजत नाही, एवढंच सांगते आणि थांबते.

रेघेचं तेवढं कळव. पोस्टकार्डावर कळवलंस तरी चालेल.

तुझी,
शालन

•

कळवा,
सोमवार, २३ जून २०२५

ती. वहिनी,

तुझं उत्तर मिळालं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं, लाल बॉलपेनने. ते मी दोनदा वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं, मग हे म्हणाले, “तुला कळलं का?” आणि मी हो म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

तू लिहितेस, ‘−३’ मधली रेघ त्या संख्येची स्वतःची असते, आणि ‘७ − ३’ मधली रेघ म्हणजे करायचं काम. पण ‘७ − ३’ हेच ‘७ + (−३)’ असंही लिहिता येतं, दोन्ही समतुल्य. इथपर्यंत मी तुझ्या मागे चालत आले. मग तू ‘७ − (−३)’ लिहून दहा उत्तर काढलंस आणि तिथे मी पुन्हा रस्त्यात उभी. सातातून काहीतरी काढलं आणि ते दहा झालं? आमच्या घरात असं कधी झालेलं नाही.

परवा मात्र थोडा उजेड पडला. बाळकुमच्या एका नव्या सोसायटीत पत्रिका पोचवायला गेले होते. तिथल्या लिफ्टमध्ये बटणं आहेत −१ आणि −२, गाड्या ठेवायचे मजले. वॉचमनने मला चुकून −२ ला नेलं. तिथून सातव्या मजल्यावर जायला किती मजले चढले ते मी बोटांवर मोजलं, तर नऊ. सात वजा वजा दोन, नऊ! मी एकटीच “अगंबाई” म्हणाले. लिफ्टमधल्या मुलीने कानातली वायर काढून माझ्याकडे बघितलं. तर हे मला कळलं असं समज. पुन्हा नव्या इमारतीत गेले की विसरेन.

आता कंसाचं विचारायचंय. मुख्य तेच विचारायचंय.

आमच्या धंद्यात कंस म्हणजे काय, सांगते. ‘चि. ऋतुराज (बंटी)’. ‘श्री. धोंडीबा शिवराम म्हात्रे (कळवेकर)’. कंसात जे असतं ते जास्तीचं. जागा कमी पडली की मी कंसाच्या दोन कमानी काढून टाकते आणि शब्द तसेच राहू देते. ‘चि. ऋतुराज बंटी’ छापलं तरी नवरदेव बदलत नाही. तीस वर्षं मी असंच करत आलेय, आणि एकाही मुलीकडच्यांनी तक्रार केली नाही. मग गणितात कंस काढला तर काय बिघडतं? समज, ‘२० − (अ − ब)’ असं आहे. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, पण मला अ आणि ब बरे. त्यातल्या नुसत्या कमानी काढून ‘२० − अ − ब’ लिहिलं तर ते तेच राहील ना? अंक तेच, अक्षरं तीच, रेघाही दोनच्या दोनच. मला तर फरक दिसत नाही. तू म्हणशील सोपं आहे. तर सांग.

दादाचा फोन आला होता. तू डब्यांवर चिठ्ठ्या लावल्यास म्हणाला, डाळ, रवा, साबुदाणा. न्यूरोचा डॉक्टर ठाण्यात बघितलाय म्हणाला. मी विचारलं, “एवढं काय झालंय?” तर तो आवाज खाली करून म्हणाला, “तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. हेमाला वाटतं, पेपरात वजा चुकला तीच सुरुवात.” तुझ्या आई शेवटी दादालाच, स्वतःच्या जावयाला, ‘मास्तर’ म्हणून हाक मारायच्या, ते मला आठवतंय.

तुला खरंच असं वाटतं का? तू फेब्रुवारीत प्रेसमध्ये आली होतीस, त्या पेपरचा तू हाताने लिहून छपाईला दिलेला मूळ कागद बघायला. तेव्हा तू दारातच उभी राहिलीस, आत बसली नाहीस, पाणीही नको म्हणालीस. मला वाटलं तू चिडलीस. आता वाटतं, घाबरली होतीस.

असो. कंसाचं लवकर कळव. गाइडवाले घाई करतायत.

तुझी,
शालन

•

नौपाडा, प्रेसमधून,
शुक्रवार, ४ जुलै २०२५

प्रिय वहिनी,

तुझं पत्र यायच्या आतच मी हे लिहितेय, कारण मला थांबवत नाही. कळलं! मी स्वतः शोधून काढलं!

काल जेवायच्या सुट्टीत मी पाठकोरा कागद घेऊन बसले. तू पहिल्या पत्रात शेवटी लिहिलं होतंस, की दोन राशी सारख्या आहेत का अशी शंका आली तर अक्षरांच्या जागी संख्या घालून बघावी. म्हटलं, बघू. कुठली संख्या घालायची ते तू लिहिलं नव्हतंस, म्हणून मी सगळ्यांत सोपी घेतली. शून्य. अ म्हणजे शून्य, ब म्हणजे शून्य.

कंस असलेली: २० − (० − ०), म्हणजे वीस.
कंस काढलेली: २० − ० − ०, म्हणजे वीस.

वीस आणि वीस! दोन्ही तेच! कंस काढला तरी काही म्हणजे काही बिघडत नाही. मग खात्रीसाठी अ ला पाच केलं आणि ब शून्यच ठेवला. दोन्हीकडे पंधरा. वहिनी, तुला सांगते, माझा जीव भांड्यात पडला. मी उठून शिवरामभाऊंना चहा सांगितला, माझ्यातर्फे. ते म्हणाले, “काय, लॉटरी लागली का?” मी म्हटलं, “तसंच समजा.” घरी जाताना गावदेवीपाशी थांबून फुलांची वेणी घेतली. मी वेणी घालून किती वर्षं झाली असतील! ह्यांनी दार उघडलं आणि विचारलं, “कोणाचं लग्न आहे?”

आता तू विचारशील, गाइडातल्या एका कंसाचा हिला एवढा आनंद कशाला. ते मलाही नीट सांगता येणार नाही. एक ओझं होतं, ते उतरलं असं वाटलं. एवढंच लिहिते.

दादा म्हणाला, वीस तारखेच्या रविवारी तुमचा सलिल पुण्याहून गाडी घेऊन येतोय, आणि तुम्ही दोघं त्याच्याकडे कायमचे राहायला जाणार. तुझी गणिताची सगळी पुस्तकं, तुझ्या हाताच्या टिपणवह्या, त्याच दिवशी शाळेच्या जुन्या शिपायाकडे देऊन टाकणार, तो रद्दीत घालील नाहीतर काय करील. फळासुद्धा काढलास म्हणे भिंतीवरून. वहिनी, असं का करतेस? त्या फळ्यासमोर मी रडलेली आहे. त्याला थोडा तरी मान दे. पुण्याला जायचं तर चार दिवस जा, नातवंडं बघ आणि परत ये.

एक प्रश्न चुकल्याने माणूस विसरभोळा ठरतो का? तो प्रश्न असाच चुकलेला असेल, छपाईत, कशात तरी. किंवा चुकलेलाच नसेल. मी कालच शून्य घालून बघितलंय ना.

तुझी शहाणी नणंद,
शालन

•

कळवा,
मंगळवार, १५ जुलै २०२५

वहिनी,

आज ‘ती.’ लिहिलं नाही, नमस्कारही लिहिला नाही. हे पत्र वाचून झाल्यावर घ्यायचा की नाही ते तूच ठरव.

तुझं उत्तर शनिवारी आलं. त्यात माझं ४ तारखेचं पत्र तू परत पाठवलंयस, माझ्या दोन्ही वीसांवर लाल गोल करून. खाली लिहिलंयस, “शून्य घालून कोणी तपासतं का, शालन? शून्य सगळ्यांशीच गोड बोलतं. त्याच्यापुढे अधिक असो की वजा, ते कोणाचं वाईट करत नाही आणि कोणाला उघडंही पाडत नाही. पाच आणि तीन घाल.” पुढे कंसाचं समजावलंयस. कंसाआधी वजा असेल तर तो आतल्या प्रत्येकापर्यंत पोचतो, म्हणून कंस काढताना आतलं प्रत्येक चिन्ह बदलावं लागतं, नुसत्या कमानी काढून भागत नाही. इतकं स्वच्छ लिहिलंयस की माझ्यासारख्या एकोणतीस मार्क मिळवणारीलाही कळलं. विसरलेल्या बाईचं लिहिणं असं नसतं.

मी पाच आणि तीन घातले.

कंस असलेली: २० − (५ − ३), म्हणजे २० − २, अठरा.
नुसत्या कमानी काढलेली: २० − ५ − ३, बारा.
तू सांगितलेली, चिन्ह बदलून: २० − ५ + ३, पुन्हा अठरा.

अठरा आणि बारा. मी चार वेळा केलं. सात आणि दोन घातले, दहा आणि एक घातले. कधीच जुळलं नाही. फक्त ब शून्य असला की जुळतं. माझ्या नशिबाने मी पहिल्याच फटक्यात तोच घेतला होता आणि वर वेणी घालून हिंडले होते.

आणि मग तुझ्या पत्राच्या तळाशी त्या तीन ओळी होत्या. तू सहज लिहिल्या असशील. “म्हणून सांगते, आठवणीवर विसंबू नकोस, संख्या घालून बघ. अकराव्या प्रश्नात मी कंस घातला होता असं मला शपथेवर आठवत होतं. पण छापलेलं समोर होतं, कंस नव्हता. डोकं असं फसवतं.”

हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

वहिनी, तू कंस घातला होतास.

गाइड-बिइड काही आलेलं नाही. ते मी पहिल्या पत्रापासून खोटं लिहिलं. आपण काय करून ठेवलंय ते मला तुझ्याकडूनच काढून घ्यायचं होतं, तुला न सांगता. किंवा काहीच केलेलं नाही, हे तुझ्याकडून ऐकायचं होतं. दोन्हीतलं कुठलं जास्त हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

झालं ते असं. तुझा पेपर मी जसाच्या तसा टाइप केला होता. अकरावा प्रश्न होता, ‘१२ − (क्ष − य) या राशीशी समतुल्य राशी कोणती?’ तू प्रूफ वाचलंस, लाल शाईने ‘बरोबर, छापा’ लिहून सही केलीस. दुसऱ्या दिवशी मंडळाकडून फोन आला, कोपऱ्यात मंडळाचं बोधचिन्ह टाका. ते टाकलं तर रकाना अरुंद झाला आणि अकराव्या प्रश्नातली ती राशी मधोमध तुटली. ‘१२ − (क्ष’ एका ओळीत, ‘− य)’ दुसऱ्या ओळीत. फार वाईट दिसत होतं. मला तुटलेली ओळ बघवत नाही, तुला माहीत आहे. मी दोन कमानी काढल्या, ओळ एका रेषेत बसली, मला बरं वाटलं, आणि पेपर छापायला गेला. नवरदेव बदलत नाही असं वाटलं मला. इकडे प्रश्नात ‘१२ − क्ष − य’ छापलं गेलं आणि खाली पर्यायातही तेच, तर तुझ्या उत्तरसूचीत ‘१२ − क्ष + य’. चौदाशे मुलांनी छापलेलं बघून बरोबर उत्तर लिहिलं आणि सगळ्यांचं चूक ठरलं. तुझी सूची तुझ्या प्रश्नाला बरोबर होती. माझ्या प्रश्नाला चूक.

एवढंच असतं तर चूक म्हणता आली असती. पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले.

तुझ्या मूळ कागदावर त्या प्रश्नाच्या शेजारी समासात तू पेन्सिलीने लिहिलं होतंस, ‘शालन, कंस बघून घे.’ ते मी वाचलं होतं. कमानी काढताना ते माझ्या समोर होतं. आणि मला राग आला. म्हटलं, पस्तीस वर्षं झाली, हिचं शिकवणं संपत नाही, मी का आता दहावीत आहे? त्या रागात मी कमानी काढल्या.

आणि पेपरचा बोभाटा झाला, तेव्हा मला आनंद झाला, वहिनी. दोन दिवस मला बरं वाटत होतं. हेमावहिनीचंही वजाचं चिन्ह चुकलं, म्हटलं, सोपं होतं ना! माझ्या हाताने झालं असेल हे मनात आलं होतं, पण मी ते नीट बघितलं नाही. मला गणित येत नाही, मग मला काय कळणार की माझी चूक आहे, असं म्हणून मी स्वतःला सोडवत राहिले. गणित न येणं पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडलं.

मग तू आलीस, कागद मागायला. मी म्हटलं, “अगं, तो तेव्हाच रद्दीत गेला.” तू मान हलवलीस. तुझ्याकडे झेरॉक्स नव्हती, तू कधीच ठेवत नाहीस, ‘शालनकडे आहे ना’ म्हणतेस. कागद माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होता. तू उभी होतीस तिथून दोन हातांवर. मी तेव्हा ड्रॉवर उघडला असता तर तू सभेत उभी राहिली नसतीस, राजीनामा दिला नसतास, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या नसत्यास.

शेवटचं मला नक्की माहीत नाही. चिठ्ठ्या तू कदाचित लावल्याही असत्यास, आपली वयं झालीत. मीही परवा चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधला. डॉक्टरकडे जायचं तर जा, मी सोबत येते, तू येऊ देणार असशील तर. पण डॉक्टरने विचारलं, ‘सुरुवात कशाने झाली?’ तर अकराव्या प्रश्नाचं नाव घेऊ नकोस. तो तुझ्या डोक्यातून गेला नव्हता. माझ्या हातून गेला.

रविवारी मी एक वेडेपणा केला. तू पहिल्या पत्रात दोन वजांचं अधिक कसं होतं ते लिहिलं होतंस. मी म्हटलं, एक माझी चूक आणि एक माझं खोटं बोलणं, दोन वजा झाले, कुठेतरी अधिक होत असेल का? मग तुझं जुनं वाक्य आठवलं, दहावीतलं, फळ्यासमोरचं. “गुणताना होतं गं, मिळवताना नाही. उणे तीनात उणे दोन मिळवले की उणे पाचच.” तेव्हा मी का रडले होते ते आता कळलं. समजत नव्हतं म्हणून नव्हे, पटत नव्हतं म्हणून.

काल सकाळी शिवरामभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अहो शालनताई, मग हे सहा महिने तुम्ही रोज समोर बसून डबा खाल्लात कसा?” मंडळाला पत्र लिहिलंय, माझ्या सहीने, प्रेसच्या कागदावर. शिवरामभाऊंनीही खाली सही केली. त्याची प्रत सोबत आहे. दुसरी प्रत तुझ्या मुख्याध्यापकांना दिलीय, स्वतः जाऊन. ते म्हणाले, “हेमाबाईंना कसं सांगायचं?” मी म्हटलं, “मीच सांगते.” तेवढं अजून राहिलं होतं.

पाकिटात आणखी दोन कागद आहेत. एक तुझं पास केलेलं प्रूफ. दुसरा तुझा मूळ कागद, निळ्या शाईतला. अकरावा प्रश्न बघ. कंसाच्या दोन्ही कमानी तू दोनदा गिरवल्या आहेस. शपथेवर आठवत होतं म्हणालीस ना? बरोबर आठवत होतं.

वहिनी, रविवारी पुस्तकं देऊ नकोस. पुण्याला जायचं असेल तर जा, ते तुझं तू बघ, पण पुस्तकं घेऊन जा, फळा घेऊन जा. माझ्यावर राग धरायचा तर धर. पस्तीस वर्षं मी तुझ्यावर धरला, आणि मला अजूनही कळत नाही तो कशासाठी होता. तू मला पास केलंस म्हणून असेल. हे संख्या घालून तपासता येत नाही.

हे पत्र तपासून परत पाठव. जिथे चुकलंय तिथे लाल गोल कर. पूर्ण पत्रालाच केलास तरी मी ते जपून ठेवीन, आणि या वेळी कोणी मागायला आलं तर ‘रद्दीत गेलं’ म्हणणार नाही.

समासातली तुझी सूचना वाचून पुढे गेलेली,
शालन